एक ओळ, 37 मशीन आणि चाकणमधला एक शुक्रवार

(हे पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चारल्याप्रमाणे लिहिली आहेत.)

कंपनीच्या बसमध्ये बसून ऐकत असाल, तर चाकणच्या तळेगाव चौकातली गर्दी सुटेपर्यंत आजचा भाग आरामात ऐकून होईल. कदाचित दोनदा.

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. सर्व्हरवर एक कॉन्फिग फाइल असते आणि त्या फाइलमधली एक ओळ बदलायची असते. एकच सर्व्हर असेल तर काय, फाइल उघडली, ओळ बदलली, सेव्ह केली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि चहाला गेलो. पण तीच ओळ 37 मशीनवर बदलायची असेल तर? आणि ती बदलायला तुम्ही नाही, तुमची स्क्रिप्ट जाणार असेल तर? मी यात कसा तोंडावर आपटलो ते आधी सांगतो. मग बरोबर पद्धत काय ते बोलू.

थोडी माझी ओळख. मी डिप्लोमावाला. राहतो निगडीला, नोकरी चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, आयटी विभागात. कंपनीचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही. आयटी म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते. 'चाकणला कसलं आयटी?' असं माझा मावसभाऊ अजूनही विचारतो. त्याला सांगतो, एकदा लाइनवर येऊन बघ. प्रत्येक स्टेशनला एक छोटा कॉम्प्युटर आहे. कुठला पार्ट कधी बनला, कुठला बोल्ट किती घट्ट झाला, बॉक्सवर कुठलं बारकोड लेबल लागलं, सगळं त्याच्यात जातं. लेबल नाही तर डिस्पॅच नाही. डिस्पॅच नाही तर पलीकडच्या गाडीच्या कारखान्यात लाइन थांबते, आणि तिकडची लाइन थांबली की फोन कुणाला येतो ते तुम्हाला माहीत आहे.

जुलै 2024

1 जुलै 2024, सोमवार. क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने, जिचं पुण्यातही मोठं ऑफिस आहे, एक बातमी जाहीर केली. ओपन-एसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये एक जबरदस्त भोक सापडलं होतं. लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला आपण सगळे हेच वापरतो. त्या भोकाला नाव दिलं 'रेग्रेशन', स्पेलिंगच्या मधोमध एसएसएच ही अक्षरं घालून. नाव चपखल होतं, कारण 2006 साली सापडून बुजवलेलं जुनंच भोक 8.5 नंबरच्या व्हर्जनपासून चुकून परत उघडं पडलं होतं. जुनी दुरुस्ती बिघडून तोच दोष परत आला, की सॉफ्टवेअरवाले त्याला रेग्रेशन म्हणतात.

भानगड काय होती? तुम्ही सर्व्हरला कनेक्ट केलं, पण पासवर्ड दिलाच नाही, तर सर्व्हर ठरावीक वेळ थांबतो आणि मग तुम्हाला हाकलतो. हा वेळ साधारण 120 सेकंद असतो. त्या सेटिंगचं नाव 'लॉगिन-ग्रेस-टाइम'. हाकलायच्या त्या क्षणी सर्व्हरचा प्रोग्राम जे काम करतो त्यात गडबड होती. नेमकी वेळ साधून हजारो वेळा प्रयत्न केला, तर हल्लेखोराला थेट रूटचे अधिकार मिळू शकत होते. क्वालिसवाल्यांनी ते 32-बिट मशीनवर करून दाखवलं, सरासरी 6 ते 8 तासांत.

खरा उपाय म्हणजे नवीन व्हर्जन टाकणं. पण ते लगेच जमणार नसेल तर एक तात्पुरता उपायही होता. एक ओळ. लॉगिन-ग्रेस-टाइम शून्य. म्हणजे कुणाला हाकलायचंच नाही. हाकलणं नाही, तर गडबडही नाही. तोटा असा की कुणीही नुसती कनेक्शन उघडून बसू शकतो आणि जागा अडवू शकतो. पण घरात चोर येण्यापेक्षा दारात गर्दी परवडली.

आमच्या लाइनवरची मशीन उबंटू 22.04 वर. म्हणजे यादीत आम्ही होतोच. या मशीनना इंटरनेट नाही, नवीन पॅकेज टाकायचं तर आधी तपासणी, मग सह्या. दरम्यान गिऱ्हाईक कंपनीचा मेल आला, 'शुक्रवारपर्यंत काय केलं ते कळवा.' जर्मन गिऱ्हाइकांसाठी काम करणाऱ्यांना टायसॅक्स नावाची परीक्षा माहीत असेल. 2017 पासून तिकडच्या वाहन उद्योगाने सप्लायरांच्या माहिती-सुरक्षेसाठी चालवलेली तपासणी आहे ती. तिच्या धाकाने असल्या मेलला कुणी 'बघू' म्हणत नाही.

साहेब म्हणाले, ''एक ओळच आहे ना? गुरुवारी करून टाका.'' आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. लाइन बंद, माणसं घरी. असली कामं करायला उत्तम दिवस.

माझी हुशारी

मी स्क्रिप्ट लिहिली. पाच ओळींची. 37 मशीनची यादी, प्रत्येकात लॉगिन करायचं, कॉन्फिग फाइलच्या शेवटी ती ओळ जोडायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, पुढच्या मशीनवर जायचं. माझ्या टेबलावरच्या टेस्ट मशीनवर चालवून बघितली. चालली. मग ती आमच्या ट्रेनी पोराला दिली. त्याला येऊन चार महिने झाले होते. म्हटलं, ''उद्या तू येणारच आहेस, चालवून टाक. काही अडलं तर फोन कर.''

गुरुवारी दुपारी त्याचा मेसेज आला, 'दादा, झालं.' मी अंगठा पाठवला.

आता नीट ऐका. त्या 37 पैकी 11 मशीनवर फाइलच्या शेवटी एक जास्तीचा भाग होता. 'मॅच यूजर' असं लिहून खाली त्या यूजरपुरते नियम. मेन सर्व्हरवरून दर तासाला लेबलचा डेटा एसएफटीपीने येतो, त्या यूजरला एकाच फोल्डरमध्ये कोंडून ठेवायची ही व्यवस्था. या फाइलचा नियम असा की 'मॅच' सुरू झालं, की पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत खालची प्रत्येक ओळ त्या मॅचमध्ये मोजली जाते. मधे रिकामी जागा सोडली तरी. माझी ओळ शेवटी चिकटली, म्हणजे मॅचच्या आत जाऊन बसली. आणि लॉगिन-ग्रेस-टाइम मॅचच्या आत चालतच नाही. एसएसएच सरळ सांगतं, ही ओळ इथे चालणार नाही, आणि सुरू व्हायला नकार देतं.

माझ्या टेस्ट मशीनवर मॅच नव्हतं. म्हणून माझी टेस्ट पास. 26 मशीन ठणठणीत. 11 मशीनवर रीस्टार्टमध्ये जुनी सर्व्हिस बंद झाली आणि नवीन उठलीच नाही. स्क्रिप्टने चूक तपासायची तसदी घेतली नाही, ती आपली पुढच्या मशीनवर गेली. पोराच्या स्क्रीनवर लाल अक्षरं येऊन वर सरकून गेली. त्याला वाटलं, असेल काहीतरी. मी काय बघायचं ते सांगितलंच नव्हतं.

शुक्रवार

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट लागली आणि डिस्पॅचच्या मामांचा फोन आला. ''अहो, लेबल जुनीच येतायत. गाडी गेटवर उभी आहे.''

एसएफटीपी चालते एसएसएचवरच. एसएसएच झोपलेलं, म्हणून नवीन डेटा नाही, म्हणून नवीन लेबल नाही. आणि दुरून लॉगिन करून दुरुस्त करावं, तर तोच दरवाजा बंद. मग काय, एका ट्रॉलीवर मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवला आणि मी आणि तो पोरगा शॉपफ्लोअरवर भाजीवाल्यासारखे एकेका मशीनपाशी फिरलो. स्क्रीन जोडा, लॉगिन करा, ओळ मॅचच्या वर न्या, सर्व्हिस सुरू करा, पुढे चला. 11 मशीनना जवळजवळ दोन तास लागले. गाडी उशिरा गेली.

मला आज सांगायचंय ते त्यानंतरचं. मॅनेजर साहेबांनी विचारलं, ''काल ही स्क्रिप्ट चालवली कुणी?'' लॉगमध्ये नाव त्या ट्रेनीचं. तो खाली मान घालून उभा. आणि मी गप्प बसलो. मनात म्हटलं, चालवली तर त्यानेच आहे, खोटं काय आहे त्यात. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये तो ताट घेऊन बसला होता. जेवत नव्हता. मला म्हणाला, ''दादा, माझं कॉन्ट्रॅक्ट आता रिन्यू होणार नाही ना?''

मग माझ्याही घशाखाली घास उतरेना. वर गेलो आणि साहेबांना सांगितलं, की स्क्रिप्ट माझी, टेस्ट अर्धवट केली ती मी, आणि काय बघायचं ते त्याला सांगितलं नाही तेही मीच. बोलणी खाल्ली. पण हे सकाळीच सांगायला हवं होतं, आणि ती अर्ध्या दिवसाची गप्पी मला त्या 11 मशीनपेक्षा जास्त टोचते.

टॉर्क रेंचकडून शिका

बरं, आता कामाचं बोलू. चुकलं कुठे? उत्तर आमच्याच लाइनवर लटकत होतं. टॉर्क रेंच.

साध्या पान्याला तुम्ही काय सांगता? अजून एक आटा फिरव. दोघांनी दोनदा फिरवला तर दोन आटे. टॉर्क रेंचला तुम्ही किती फिरव ते सांगत नाही, शेवटी किती घट्ट हवं ते सांगता. 24 न्यूटन-मीटर लावलं, की तिथे पोचल्यावर 'कट्ट' वाजतं. बोल्ट आधीच घट्ट असेल तर लावल्या लावल्या 'कट्ट'. दहा वेळा लावा, बोल्ट तेवढाच घट्ट.

माझी स्क्रिप्ट साधा पाना होती. 'ओळ जोड.' दोनदा चालवली असती तर ओळ दोनदा. सांगायला हवं होतं ते असं, 'या फाइलमध्ये मॅचच्या वर ही ओळ एकदाच आणि अशीच असली पाहिजे.' असेल तर हात लावू नको. वेगळी असेल तर बदल. नसेल तर घाल.

सगळ्यांना आवडणारं 'सेड' बघा. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी 1973-74 मध्ये लिहिलेलं हे साधन आजही प्रत्येक लिनक्सवर असतं. छान आहे, मीही रोज वापरतो. पण समजा मी सांगितलं, 'पोर्ट 22' दिसलं की तिथे 'पोर्ट 2222' कर. पहिल्यांदा चालवलं, बरोबर झालं. कुणी चुकून परत चालवलं तर? '2222' च्या सुरुवातीला '22' आहेच! सेड ते पकडणार आणि करणार 222222. पोर्टचा नंबर 65535 च्या वर जातच नाही. सर्व्हिस आडवी. ओळीची सुरुवात आणि शेवट बांधून दिला असता तर हे टळलं असतं.

सेडची दुसरी खोड म्हणजे शोधलेला शब्द सापडलाच नाही, तरी ते तक्रार करत नाही. 'सगळं ठीक' म्हणून बाहेर पडतं. तुम्हाला वाटतं 37 मशीनवर बदल झाला, पण जिथे कुणीतरी शब्दांमध्ये एक स्पेस जास्त दिली होती तिथे काहीच झालेलं नसतं.

'शेवटी काय हवं ते सांगा' हा विचार काही नवीन नाही. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये सीएफ-इंजिन काढलं ते याच कल्पनेवर. आज आपल्याकडे जास्त चालतं ते अ‍ॅन्सिबल. मायकेल डेहान यांनी 2012 मध्ये आणलं, 2015 मध्ये रेड हॅटने घेतलं. त्यात नेमका याच कामाचा एक मॉड्यूल आहे, 'लाइन-इन-फाइल'. त्याला फाइल सांगायची, ओळ कशी ओळखायची तो नमुना सांगायचा आणि शेवटी ओळ कशी हवी ते सांगायचं.

पण थांबा, हे जादूचं पाणी नाही. दोन ठिकाणी लोक इथेही पडतात. पहिलं, ओळखायचा नमुना असा हवा की बदलायच्या आधीची ओळ आणि बदलल्यानंतरची ओळ, दोन्ही त्यात बसल्या पाहिजेत. मूळ फाइलमध्ये ही ओळ बहुतेक वेळा पुढे हॅश लावून बंद ठेवलेली असते, 'हॅश लॉगिन-ग्रेस-टाइम टू-एम' अशी. म्हणून हॅश असला तरी चालेल, नसला तरी चालेल, असा नमुना द्या. दुसरं, नमुना कुठेच सापडला नाही तर हा मॉड्यूलही ओळ फाइलच्या शेवटीच टाकतो. म्हणजे परत मॅचच्या पोटात! म्हणून 'मॅच ने सुरू होणाऱ्या ओळीच्या आधी टाक' हे स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर माझा शुक्रवार तुमच्याकडे येईल, फक्त महागड्या साधनाने.

शॉपफ्लोअरवरचे तीन नियम

एक, गो-नो गो गेज. पार्ट गेजमध्ये बसला तर पुढे, नाही तर बाजूला. कॉन्फिग फाइललाही गेज असतं. 'एसएसएचडी डॅश छोटा टी' म्हटलं की ते फाइल वाचून चूक असेल तर सांगतं, सर्व्हिसला हात न लावता. एन-जिन-एक्सलाही 'डॅश टी' आहे. सुडोच्या फाइलसाठी 'व्ही-सुडो डॅश सी'. लाइन-इन-फाइलमध्ये 'व्हॅलिडेट' म्हणून जागा आहे. तिथे ही कमांड दिली, की नवी फाइल आधी बाजूला बनते, गेजमधून जाते आणि पास झाली तरच मूळ जागी बसते. शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये रुजवलेलं पोका-योके हेच ना? चूक करायची जागाच ठेवायची नाही. त्या दिवशी हे असतं, तर 11 मशीनवर बदल झाला नसता आणि लेबल मात्र आली असती.

याच्याच जोडीला, रीस्टार्टऐवजी रीलोड. उबंटूवर एसएसएच रीलोड करताना आधी फाइल तपासली जाते. फाइल खराब असेल तर रीलोड फेल होतं, पण जुनी सर्व्हिस चालूच राहते. रीस्टार्टमध्ये जुनी आधी बंद होते. आणि काम चालू असताना एक लॉगिन उघडं ठेवा, ते बंद करायच्या आधी दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय का बघा.

दोन, फर्स्ट पीस अप्रूव्हल. सेटिंग बदललं की पहिला पार्ट क्वालिटीकडे जातो, तो पास झाल्याशिवाय उरलेले काढत नाहीत. मशीनचंही तसंच. आधी 'चेक' आणि 'डिफ' लावून नुसतं बघा, कुठल्या मशीनवर काय बदलणार आहे. मग एका मशीनवर करा, मग पाच, मग बाकीची. अ‍ॅन्सिबलमध्ये 'सीरियल' लिहून हे सांगता येतं. आणि पहिला पीस निवडताना टेबलावरचं गुळगुळीत टेस्ट मशीन घेऊ नका. प्रत्येक जातीतलं एक घ्या. माझ्याकडे जाती दोन होत्या, मॅचवाली आणि बिनमॅचची. मी एकच तपासली.

तीन, परत मोजा. बदल झाल्यावर तीच प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवा. सगळीकडे हिरवं 'ओके' आलं पाहिजे, एकही पिवळं 'चेंज्ड' नको. म्हणजे टॉर्क रेंचने 'कट्ट' म्हटलं. मग 'एसएसएचडी डॅश मोठा टी' चालवा. फाइलमध्ये काय लिहिलंय ते नाही, सर्व्हिस प्रत्यक्षात कुठली किंमत धरणार आहे ते हे दाखवतं.

हा फरक का? कारण या फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं, तर पहिलं धरलं जातं. तुम्ही खाली कितीही ओरडून 'पासवर्डने लॉगिन बंद' लिहा, वर कुठेतरी 'चालू' असेल तर चालूच. उबंटूच्या क्लाउड मशीनवर क्लाउड-इनिटची एक छोटी फाइल असते, तिच्यात हे 'चालू' बसलेलं सापडतं आणि लोक तासन् तास मुख्य फाइलकडे बघत बसतात.

मूळ फाइलला हातच लावू नका

आणि त्यावरून शेवटची गोष्ट. आता आम्ही ती ओळ मूळ फाइलमध्ये घालतच नाही. उबंटू 22.04 मध्ये मूळ फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की 'एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी' या फोल्डरमधल्या फाइल वाच. मग आपली एक छोटी फाइल तिथे ठेवायची, नावाच्या सुरुवातीला 00, म्हणजे सगळ्यांच्या आधी वाचली जाईल. पहिलं सेटिंग जिंकतं, म्हणजे आपलं जिंकतं. शोधणं नाही, नमुना नाही, मॅचची भीती नाही. काढायचं असेल तर फाइल उचलून बाजूला ठेवली, काम संपलं. सुडो, सिस्टिम-डी, सिस-कंट्रोल, सगळ्यांकडे असे फोल्डर आहेत. फक्त क्रमाचा नियम बघून घ्या. सिस-कंट्रोलमध्ये नंतरची फाइल जिंकते, बरोबर उलटं.

म्हणून आता कुणी 'एक ओळ बदलायचीय' म्हणालं, की मी आधी विचारतो, ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये राहू शकते का? नसेल राहत, तरच लाइन-इन-फाइल. आणि सेड फक्त माझ्या स्वतःच्या मशीनवर.

त्या पोराचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पुढच्याच गुरुवारी आम्ही दोघांनी बसून पहिली प्लेबुक लिहिली. 'मॅचच्या आधी टाक' ही ओळ त्याने लिहिली. आता आमच्याकडे एक साधा नियम आहे. प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव. चालवणाऱ्याचं नाव लॉगमध्ये येतंच, लिहिणाऱ्याचंही दिसलं पाहिजे.

तुमच्याकडे असा एखादा शुक्रवार झाला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव नको, गोष्ट हवी. पुढच्या भागात बोलू बॅकअपवर, म्हणजे तो आहे असं आपल्याला वाटतं पण परत मागितल्यावर सापडत नाही, त्यावर. तोपर्यंत, ट्रेनीला स्क्रिप्ट देणार असाल तर काय बघायचं तेही सांगा. चला, भेटू.